फॉर्मल ग्रुप लॉमधून कम्युटेटिव्हिटी काढली तर काय उरतं?

सोलापूर विद्यापीठात गणितात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘सर, फॉर्मल ग्रुप लॉ शिकताना चलं एकमेकांशी कम्युट होतात, म्हणजे क्ष·य आणि य·क्ष एकच, हे आपण न बोलता धरून चालतो. ती अट काढून टाकली तर काही नवी, जास्त मोठी थिअरी मिळते का? असं कुणी केलंय का?’

केलंय, आणि बऱ्याच लोकांनी केलंय. पण तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांपासून फार लांब जातात. कम्युटेटिव्हिटी तीन जागांवरून काढता येते: उत्तरातून, म्हणजे फ(क्ष, य) आणि फ(य, क्ष) वेगळे असू द्यायचे (फ म्हणजे तो लॉ), चलांमधून, म्हणजे क्ष·य आणि य·क्ष हे वेगळे शब्द मानायचे, किंवा सहगुणकांमधून. पहिल्या जागेवर थिअरी खरंच मोठी होते. दुसऱ्या जागेवर ती आक्रसते, आणि का आक्रसते ते कळलं की मूळ कम्युटेटिव्ह थिअरीसुद्धा जास्त नीट कळते. म्हणून माझा बहुतेक वेळ मी दुसऱ्या जागेवर घालवणार आहे. तिसऱ्या जागेवर तर व्याख्याच हातातून निसटते.

आधी व्याख्या. र ही एक कम्युटेटिव्ह रिंग घे, म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येणारी, संख्यांसारखी रचना. तिच्यावरचा एकमितीय फॉर्मल ग्रुप लॉ म्हणजे र मधले सहगुणक असलेली दोन चलांची घातश्रेणी (न संपणारी बहुपदी) फ(क्ष, य), जिच्यात फ(क्ष, ०) = क्ष, फ(०, य) = य आणि फ(फ(क्ष, य), झ) = फ(क्ष, फ(य, झ)). व्यस्त वेगळा मागावा लागत नाही, तो एकेक घात वाढवत काढता येतो. नेहमीची उदाहरणं म्हणजे क्ष + य, क्ष + य + क्ष·य आणि (क्ष + य)/(१ + क्ष·य). हे शेवटचं हायपरबोलिक टॅन्जंटच्या बेरजेचं सूत्र, आणि सापेक्षतेत वेगांची बेरीजही यानेच होते. बॉख्नरने १९४६ मध्ये या वस्तू ‘फॉर्मल ली ग्रुप’ म्हणून मांडल्या. लझारने १९५५ मध्ये दाखवलं की सर्व कम्युटेटिव्ह एकमितीय लॉ ज्या एका सार्वत्रिक रिंगमधून येतात ती रिंग पूर्णांकांवरची अनंत चलांची बहुपदी रिंग आहे. १९६९ मध्ये क्विलनने सिद्ध केलं की टोपोलॉजीतली कॉम्प्लेक्स कोबॉर्डिझमची, म्हणजे आकारांची सीमांवरून वर्गवारी करणारी, रिंग नेमकी तीच आहे. या विषयाचं वजन तिथून वाढलं.

आता पहिली जागा. तुझ्या घरी पॉवरलूम आहे असं तू लिहिलंस, म्हणून हे चटकन पटेल: सूत आधी रंगवून मग विणलं तर चादरीवर नक्षी उठते, आधी विणून मग रंगात बुडवलं तर अख्खी चादर एका रंगाची होते. क्रिया त्याच दोन, क्रम बदलला की माल वेगळा. ग्रुपमध्ये हे नेहमीचंच आहे. दोन मितींमध्ये फॉर्मल ग्रुप लॉ लिहायचा तर वरच्या ओळीत १ + क्ष₁ आणि क्ष₂, खालच्या ओळीत ० आणि १ असलेली मॅट्रिक्स घे. अशा दोन मॅट्रिक्सचा गुणाकार केला की पहिला घटक क्ष₁ + य₁ + क्ष₁·य₁ येतो आणि दुसरा क्ष₂ + य₂ + क्ष₁·य₂. दुसऱ्या घटकात क्ष आणि य यांची अदलाबदल केली की सूत्र बदलतं. इथे चलं आपापसात सुखाने कम्युट होताहेत, ग्रुप मात्र होत नाही. हा फरक मनात पक्का ठेव, पुढे सगळीकडे लागणार आहे.

एका मितीत असं घडू शकतं का? बहुतेक पुस्तकं ‘एकमितीय लॉ कम्युटेटिव्ह असतात’ असं म्हणून पुढे सरकतात. नेमकं विधान असं आहे: र वरचा प्रत्येक एकमितीय लॉ कम्युटेटिव्ह असतो, जर आणि तरच र मध्ये असा शून्येतर घटक नसेल जो एकाच वेळी टॉर्शन आणि निलपोटंट आहे. टॉर्शन म्हणजे कुठल्यातरी धन पूर्णांकाने गुणल्यावर शून्य होणारा, निलपोटंट म्हणजे कुठल्यातरी घाताला शून्य होणारा. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं ते हाताने बघण्यासारखं आहे. रिंगमध्ये २ = ० असू दे आणि ए हा असा शून्येतर घटक की ए² = ०. आता

फ(क्ष, य) = क्ष + य + ए·क्ष·य²

घे. डावीकडून कंस घातला तर क्ष + य + ए·क्ष·य² + झ + ए·(क्ष + य + ए·क्ष·य²)·झ² मिळतं. ए² मेला, म्हणून उरतं क्ष + य + झ + ए·(क्ष·य² + क्ष·झ² + य·झ²). उजवीकडून कंस घातला तर क्ष + य + झ + ए·य·झ² + ए·क्ष·(य + झ + ए·य·झ²)². या वर्गात ए असलेली पदं बाहेरच्या ए मुळे जातात आणि (य + झ)² चं मधलं पद २·य·झ हे २ = ० मुळे जातं. उरतं तेच. साहचर्य, म्हणजे व्याख्येतली तिसरी अट, पूर्ण झालं. पण ए·क्ष·य² आणि ए·य·क्ष² वेगळे आहेत, म्हणजे लॉ कम्युटेटिव्ह नाही. २ च्या जागी कोणतीही मूळ संख्या प घेऊन ए·क्ष·य^प वापरलं तरी हेच चालतं. हे उदाहरण लक्षात ठेव, थोड्याच वेळात ते मोडणार आहे.

जिथे परिमेय संख्यांनी भागता येतं तिथे चित्र स्वच्छ आहे: फॉर्मल ग्रुप लॉ आणि ली अल्जिब्रा (ग्रुपचं रेषीय रूप, ज्यात [क्ष, य] हा कंस क्रम बदलल्याने पडणारा फरक मोजतो) ही एकाच गोष्टीची दोन रूपं. ली अल्जिब्रावरून ग्रुप परत मिळवायचं सूत्र बेकर, कॅम्पबेल आणि हाउसडॉर्फ यांच्या नावाने ओळखलं जातं: क्ष + य + (१/२)[क्ष, य] + (१/१२)[क्ष, [क्ष, य]] + (१/१२)[य, [य, क्ष]] आणि पुढे. एकमितीय ली अल्जिब्रात कंस शून्यच असतो, म्हणून तिथे सगळं कम्युटेटिव्ह. पण या छेदांकडे बघ: २, १२, पुढच्या घाताला २४. मूळ संख्या प हीच शून्य झाली की हे सूत्र कोसळतं आणि ली अल्जिब्रा पुरेशी माहिती देत नाही. द्यूदोने आणि कार्तिए यांचं या विषयातलं काम या खड्ड्यातून वर येण्यासाठी आहे. नॉनकम्युटेटिव्ह फॉर्मल ग्रुपसाठी कार्तिएच्या ‘कर्व्ह’ची कल्पना डिटर्सने १९७२ च्या सुमारास विकसित केली. तिथे जी हॉप्फ अल्जिब्रा (गुणाकाराबरोबर कोप्रॉडक्ट, म्हणजे घटक फोडणारी उलटी क्रिया, असलेली अल्जिब्रा) लागते ती मुक्त नॉनकम्युटेटिव्ह आहे: जनक झ₁, झ₂, झ₃… आणि झ_न चा कोप्रॉडक्ट म्हणजे झ_इ ⊗ झ_(न−इ) यांची बेरीज. हीच पुढे ‘नॉनकम्युटेटिव्ह सिमेट्रिक फंक्शन’ म्हणून कॉम्बिनेटोरिक्समध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या जागेबद्दल एवढं पुरे. हा रस्ता रुळलेला आहे आणि त्यावर पुस्तकं भरपूर आहेत.

आता दुसरी जागा, जी मला वाटतं तू खरी विचारली आहेस.

फॉर्मल ग्रुप लॉ म्हणजे श्रेणी, असं न म्हणता असं म्हण: प्रत्येक कम्युटेटिव्ह र-अल्जिब्राच्या निलपोटंट घटकांवर एक ग्रुप रचना, जी होमोमॉर्फिझमशी जुळवून घेते. श्रेणी ही त्या रचनेची पाककृती. चलं कम्युट होऊ द्यायची नसतील तर नैसर्गिक पाऊल हे की कम्युटेटिव्ह अल्जिब्रांच्या जागी सगळ्या असोसिएटिव्ह अल्जिब्रा घ्यायच्या. इथे लगेच एक ठेच लागते. नॉनकम्युटेटिव्ह अल्जिब्रात दोन निलपोटंट घटकांची बेरीज निलपोटंट असेलच असं नाही. दोन-बाय-दोन मॅट्रिक्समध्ये फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात १ असलेली आणि फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात १ असलेली, या दोन्हींचा वर्ग शून्य आहे. त्यांच्या बेरजेचा वर्ग मात्र आयडेंटिटी मॅट्रिक्स. म्हणून घटक न बघता संपूर्ण निलपोटंट अल्जिब्रा घ्यायच्या, ज्यांच्यात एका ठरावीक लांबीपुढचे सगळे गुणाकार शून्य असतात. अशा प्रत्येक अल्जिब्राच्या सर्व घटकांवर ग्रुप रचना हवी. पाककृती आता क्ष आणि य या न-कम्युट होणाऱ्या अक्षरांच्या शब्दांची श्रेणी होते: क्ष·य वेगळा, य·क्ष वेगळा, क्ष·य·क्ष आणखी वेगळा. सहगुणक अजून र मधलेच, सगळ्यांशी कम्युट होणारे.

कॅटेगरीच्या भाषेत हे को-ग्रुप (ग्रुपची व्याख्या, सगळे बाण उलटे करून) झाले, आणि इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कम्युटेटिव्ह अल्जिब्रांचा कोप्रॉडक्ट (इथे या शब्दाचा अर्थ वेगळा: दोन अल्जिब्रा एकत्र जोडायची सर्वांत मोकळी रीत) म्हणजे टेन्सर गुणाकार, असोसिएटिव्ह अल्जिब्रांचा कोप्रॉडक्ट म्हणजे फ्री गुणाकार. टेन्सरमध्ये क्ष⊗१ आणि १⊗य कम्युट होतात, फ्री गुणाकारात होत नाहीत. कुणी ‘फॉर्मल ग्रुपचं नॉनकम्युटेटिव्ह रूप’ असं म्हणालं की पहिल्यांदा विचारायचं: टेन्सर की फ्री? टेन्सर ठेवून अल्जिब्रा नॉनकम्युटेटिव्ह केली की तू क्वांटम ग्रुपच्या प्रदेशात जातेस, ज्यांना ड्रिनफेल्डच्या १९८६ च्या बर्कलीतल्या आंतरराष्ट्रीय गणित काँग्रेसमधल्या मांडणीने नाव आणि दिशा मिळाली. तो प्रदेश सुंदर आहे, पण तिथे दोन बिंदूंचा गुणाकार बिंदू असतो याची खात्री ते दोन बिंदू एकमेकांशी कम्युट होत असतील तेव्हाच. म्हणजे ‘ग्रुप’ हा शब्द तिथे पातळ होतो. फ्री घेतलं तर खरा ग्रुप मिळतो. आपण फ्री घेऊ.

उदाहरणं शोधू. क्ष + य चालतो. क्ष + य + च·क्ष·य सुद्धा चालतो, कारण १ + च·क्ष आणि १ + च·य यांचा गुणाकारच तो. आधीचं ए·क्ष·य² वालं उदाहरण मात्र इथे मोडतं: (य + झ)² मध्ये आता य·झ + झ·य येतं, आणि २ = ० असलं तरी ते शून्य होत नाही. एक आणखी प्रयत्न म्हणून फ = क्ष + य + अ·क्ष·य + ब·य·क्ष एवढंच घे. तिसऱ्या घाताची पदं दोन्ही कंसांत काढ. डावीकडे अ²·क्षयझ + अब·यक्षझ + अब·झक्षय + ब²·झयक्ष येतं, उजवीकडे अ²·क्षयझ + अब·क्षझय + अब·यझक्ष + ब²·झयक्ष. टोकाची पदं जुळतात, मधली जुळत नाहीत, म्हणून अब = ० हवं. अर्थात वरच्या घाताची पदं घालून हे दुरुस्त करता येतं. पण कितपत? नवीन लॉ मिळतो की जुनाच वेष बदलून येतो?

उत्तर असं: र मध्ये टॉर्शन नसेल, तर असा प्रत्येक एकमितीय लॉ चल बदलून क्ष + य + च·क्ष·य होतो, जिथे च = अ − ब. आणि चल बदलणारी श्रेणी र मध्येच सापडते, छेद लागत नाहीत. कम्युटेटिव्ह जगात पूर्णांकांवर असंख्य, एकमेकांशी आयसोमॉर्फिक नसलेले (चल बदलून एकमेकांत न बदलणारे) लॉ आहेत. इथे एका स्थिरांकात सगळं संपतं.

च = ० असताना, म्हणजे फ(क्ष, य) = फ(य, क्ष) असताना, पुरावा पूर्ण देतो, कारण सगळं मर्म त्यातच आहे. परिमेय छेद घ्यायची मुभा असेल तर लॉगरिदम ल(क्ष) = क्ष + म₂·क्ष² + म₃·क्ष³ + … अस्तित्वात असतो आणि ल(फ(क्ष, य)) = ल(क्ष) + ल(य). लॉगरिदम एकाच चलाचा असतो, कारण एका घटकाने जनित केलेल्या अल्जिब्रात सगळं कम्युट होतं. प्रश्न एवढाच की म₂, म₃… हे र मध्ये आहेत की त्यांना छेद आहेत.

आता दोन्ही बाजूंची फक्त ती पदं घे ज्यांत य एकदाच येतो. फ मधली अशी पदं क्ष^इ·य·क्ष^ज या रूपाची. य वर डावीकडून क्ष ने गुणण्याला ड म्हण, उजवीकडून गुणण्याला उ. आधी डावीकडून गुणलं काय किंवा उजवीकडून, साहचर्यामुळे फरक पडत नाही, म्हणजे ड आणि उ आपापसात कम्युट होतात! नॉनकम्युटेटिव्ह प्रश्न दोन कम्युट होणाऱ्या चलांवर आला. क्ष^इ·य·क्ष^ज म्हणजे ड^इ·उ^ज, आणि फ मधली सगळी ‘य एकदाच’ पदं मिळून एक श्रेणी द(ड, उ) होते, जिचे सहगुणक र मध्ये आहेत आणि जिची सुरुवात १ ने होते. ल(फ) मधल्या म_न·फ^न या पदातून य एकदाच येणारा भाग म_न·(ड^(न−१) + ड^(न−२)·उ + … + उ^(न−१))·द असा निघतो. कंसातली बेरीज म्हणजे (ड^न − उ^न)/(ड − उ). उजव्या बाजूला ल(क्ष) + ल(य) मध्ये य एकदाच येणारं पद फक्त य, म्हणजे १. म्हणून

द(ड, उ) · (ल(ड) − ल(उ))/(ड − उ) = १.

इथे उ = ० ठेव. मिळतं ल(ड) = ड/द(ड, ०). द चे सहगुणक र मध्ये, सुरुवात १ ने, म्हणून भागाकारही र मध्ये. लॉगरिदमला छेद नाही, आणि लॉ र वरच क्ष + य शी आयसोमॉर्फिक झाला.

आता त्याच समीकरणात उ = ० ऐवजी उ = ड ठेवून बघ. तेव्हा भागाकाराची जागा डेरिव्हेटिव्ह घेतो आणि द(ड, ड)·ल′(ड) = १ मिळतं. हे कम्युटेटिव्ह थिअरीतलं ओळखीचं सूत्र: लॉगरिदम काढायचा तर इंटिग्रेट करायचं. इंटिग्रेट करताना न ने भागावं लागतं आणि छेद शिरतात. कम्युटेटिव्ह जगात र मध्ये असण्याची खात्री फक्त न·म_न ची असते, म_न ची नसते. तो न आला कुठून? ड^(न−१), ड^(न−२)·उ, … ही न वेगवेगळी पदं चलं कम्युट होताच एकमेकांत मिसळली म्हणून. लुबिन आणि टेट यांचे १९६५ चे लॉ, एलिप्टिक कर्व्हचे फॉर्मल ग्रुप, हाइट नावाची संकल्पना, हे सगळं वैभव त्या एका न मधून उगवतं. चलं वेगळी ठेवली की डावं आणि उजवं मिसळत नाही, न तयारच होत नाही, आणि वैभवही नाही. ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कम्युटेटिव्हिटी हा इथे सोपेपणा नाही, तोच गुंतागुंतीचा उगम आहे.

याचे परिणाम लगेच वाचता येतात. क्ष + य + क्ष·य या कम्युटेटिव्ह लॉचं असं नॉनकम्युटेटिव्ह रूप हवं जे क्ष आणि य मध्ये सममित आहे, तर दुसऱ्या घाताला (क्ष·य + य·क्ष)/२ घ्यावं लागतं. पूर्णांकांवर ते जमत नाही, आणि वरच्या पुराव्याने कळतं की कुठल्याही युक्तीने जमणार नाही, कारण त्याचा लॉगरिदम क्ष − क्ष²/२ + क्ष³/३ − … आहे. हाइटचंही तसंच. क्ष + य + च·क्ष·य मध्ये क्ष चा प वेळा ‘गुणाकार’ केला आणि प ने भाग जाणारी पदं टाकली तर च^(प−१)·क्ष^प उरतं; उरलेलं पहिलं पद क्ष^(प^ह) चं असेल तर ह ही हाइट, काहीच उरलं नाही तर अनंत. म्हणजे टॉर्शन नसलेल्या रिंगवरून खाली आणलेल्या अशा लॉची हाइट १ किंवा अनंत. सुपरसिंग्युलर एलिप्टिक कर्व्हची हाइट २ असते. ती या जगात पाऊलच ठेवत नाही.

हा ताठरपणा एकट्या या उदाहरणाचा नाही. कानने १९५८ मध्ये दाखवलं होतं की ग्रुपच्या कॅटेगरीतला को-ग्रुप हा फ्री ग्रुपच असतो. बर्स्टीनने १९६५ मध्ये फील्डवरच्या कनेक्टेड ग्रेडेड असोसिएटिव्ह अल्जिब्रांसाठी तेच दाखवलं: को-ग्रुप असेल तर अल्जिब्रा फ्री. असोसिएटिव्ह रिंगच्या कॅटेगरीतल्या को-ग्रुपवर बर्गमन आणि हाउसक्नेख्त यांचं १९९६ चं अख्खं पुस्तक आहे. आणि फ्रेसने १९९८ मध्ये ही सगळी गोष्ट ऑपरॅडवर (अल्जिब्रात कोणत्या क्रिया आणि कोणते नियम हे सांगणाऱ्या रचनेवर) नेली: कम्युटेटिव्ह अल्जिब्रांच्या जागी कोणत्याही ऑपरॅडवरच्या अल्जिब्रा घ्या, फॉर्मल ग्रुप म्हणजे तिथले को-ग्रुप, आणि परिमेय छेद चालत असतील तर ली अल्जिब्रांसारखी थिअरी तिथेही उभी राहते. तुझ्या प्रश्नाचं सर्वांत व्यवस्थित, सर्वसाधारण उत्तर मला फ्रेसच्या मांडणीत दिसतं. मिती वाढवली की असोसिएटिव्ह जगातही चित्र जास्त रंगतदार होतं, कारण एका स्थिरांकाच्या जागी मग गुणाकाराच्या रचना येतात.

तिसऱ्या जागेबद्दल थोडक्यात, पण एक हिशोब दाखवतो. सहगुणक नॉनकम्युटेटिव्ह घ्यायचे तर श्रेणीत श्रेणी घालणं हीच क्रिया आधी तपासायला हवी. ट हे चल सगळ्यांशी कम्युट होऊ दे. तीन श्रेणी घे: ट + अ·ट², ट + ब·ट², ट + क·ट², अ, ब, क कम्युट न होणारे. पहिलीत दुसरी घातली तर अ·(ट + ब·ट²)² मधून अ·ट² + २·अ·ब·ट³ + … मिळतं, कारण ट ला ब ओलांडता येतो. आता ट च्या जागी तिसरी श्रेणी घाल: २·अ·ब·(ट + क·ट²)³. उलट क्रमाने, आधी दुसरीत तिसरी आणि मग पहिलीत ते सगळं, असं केलं तर अ·(…)² मध्ये ब च्या डावीकडेही तिसरी श्रेणी येते आणि क·ब असा गुणाकार निघतो. ट⁴ च्या सहगुणकात अ·(क·ब − ब·क) एवढा फरक राहतो. श्रेणींचं कॉम्पोझिशनच असोसिएटिव्ह नाही! मग फ(फ(क्ष, य), झ) ला नेमका अर्थ काय द्यायचा हाच प्रश्न उभा राहतो. ब्रूडर, फ्राबेत्ती आणि क्राटेनथालर यांनी २००६ मध्ये दाखवलं की कॉम्पोझिशन मोडलं तरी त्याच्यामागची हॉप्फ अल्जिब्रा, फा दी ब्रुनोची नॉनकम्युटेटिव्ह आवृत्ती, टिकून राहते आणि कोअसोसिएटिव्ह असते. ग्रुप गेला, पण हॉप्फ अल्जिब्रा उरली. क्वांटम फील्ड थिअरीतल्या रिनॉर्मलायझेशनमध्ये (अनंत येणारी उत्तरं सावरायच्या पद्धतीत) ती उपयोगी पडते.

टोपोलॉजी आवडत असेल तर एक धागा सांगून ठेवतो. फॉर्मल ग्रुप लॉ तिथे अनंत मितीच्या कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह स्पेसमुळे येतो. त्या स्पेसचं सस्पेन्शन करून त्याची लूप स्पेस घेतली की होमोलॉजीत टेन्सर अल्जिब्रा मिळते, म्हणजे वर डिटर्सच्या संदर्भात आलेली तीच हॉप्फ अल्जिब्रा, आणि कोहोमोलॉजीत क्वासीसिमेट्रिक फंक्शन. बेकर आणि रिख्टर यांनी या स्पेसवरच्या थॉम स्पेक्ट्रमचा अभ्यास केला. कॉम्प्लेक्स कोबॉर्डिझमचा नॉनकम्युटेटिव्ह भाऊ कसा दिसेल याची तिथे कल्पना येते.

तू पुढे पीएच.डी.चा विचार करते आहेस म्हणून एक सल्ला. ‘कम्युटेटिव्हच्या जागी नॉनकम्युटेटिव्ह घालू’ एवढ्यावर विषय ठरवू नकोस. आधी कोणती कॅटेगरी, कोणता कोप्रॉडक्ट आणि सहगुणकात टॉर्शन आहे की नाही, हे ठरव. टॉर्शन असलेल्या रिंगवर वरचा लॉगरिदमचा पुरावा सुरूच होत नाही, आणि काम करायला तिथेच वाव आहे. हाझेविंकेलचं फॉर्मल ग्रुपवरचं १९७८ चं जाडजूड पुस्तक हाताशी ठेव, पण पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस. प्रश्न घेऊन त्यात शिर. आणि पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत अल्जिब्रावर व्याख्यान असलं की जात जा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचता येतं.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत बसून करायला एक काम देतो. ल(ट) = ट − ट² घे. फ = क्ष − क्ष² + य − य² + फ² या समीकरणातून फ घात-घात वाढवत काढ. दुसऱ्या घाताला क्ष·य + य·क्ष मिळेल. तिसऱ्याला क्ष²य + २·क्षयक्ष + यक्ष² आणि य²क्ष + २·यक्षय + क्षय². यातली य एकदाच येणारी पदं १, २, १ या सहगुणकांची आहेत, म्हणजे (ड + उ)². सूत्रही तेच सांगतं, कारण इथे द(ड, उ) = १/(१ − ड − उ). चौथा घात हाताने काढ आणि १, ३, ३, १ येतात का पाहा. ते जुळलं की च शून्य नसलेला भाग घे. तिथे ल च्या जागी ग ही श्रेणी येते, जी लॉला क्ष + य + च·क्ष·य मध्ये बदलते, आणि समीकरणाच्या उजव्या बाजूला १ ऐवजी १ + च·ग(ड) येतं. उ = ० ठेवून ग(ड) = ड/(द(ड, ०) − च·ड) इथपर्यंत पोच आणि पूर्ण पुरावा लिहून मला पाठव.